चपट्या नाकाची गोळी

१

हरणाच्या शिकारीच्या हंगामाच्या पहिल्याच दिवशी, सकाळी नऊच्या सुमारास, ओन्नी रुओना दलदलीच्या कडेला बर्फात पडलेला सापडला. गोळी छातीतून आरपार गेली होती. तो सापडला सुलो कांगासला, चाळीस वर्षांपासूनच्या दोस्ताला. सुलोनं त्याला खांद्यावर घेतलं आणि पाऊण मैल बर्फ तुडवत जंगलातल्या त्यांच्या कॅम्पवर आणलं. दारात पोचल्यावर तो एवढंच म्हणाला, "मी मारलं ह्याला."

ओन्नीच्या बहिणीला, लेम्पीला, ही बातमी गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात कळली. तीस वर्षं ती तिथल्या काउंटरमागे उभी होती. बातमी आली तेव्हा ती एका गिऱ्हाइकाला कंदिलाची काच कागदात गुंडाळून देत होती. तिनं काच नीट गुंडाळली, दोरी बांधली, गाठ मारली आणि मग विचारलं, "कुठे ठेवलंय त्याला?"

ती रडली नाही. बायका म्हणाल्या, धक्का बसलाय, रडेल सावकाश. लेम्पीला धक्काबिक्का काही जाणवत नव्हता. आतून सगळं बधिर होतं, दात काढण्याआधी इंजेक्शन दिल्यावर जबडा होतो तसं. चौथ्या दिवशी तिनं दुकान उघडलं, कारण घरी बसून करायचं काय, हे तिला सुचत नव्हतं.

त्याच दिवशी दुपारी शेरीफ लिंडक्विस्ट आला. टोपी काढून उभा राहिला. त्याची पहिली रायफल लेम्पीनंच निवडून दिली होती, तेव्हापासून तो तिच्यापुढे जरा दबूनच असे.

"लेम्पीबाई, तुम्हाला त्रास द्यायचा नव्हता. पण अख्ख्या गावाची काडतुसं तुमच्या हाताखालून जातात." त्यानं खिशातून एक छोटी डबी काढली. "ही ओन्नीच्या मागच्या झाडात सापडली. कुजका बुंधा होता, आत रुतून बसली होती. एकदा बघून सांगा म्हणजे मी कागद पूर्ण करतो."

लेम्पीनं गोळी तळहातावर घेतली. ह्या गोळीनंच ना, असं तिनं मनाला विचारून पाहिलं. मनानं उत्तर दिलं नाही.

"चपट्या नाकाची आहे," ती म्हणाली. "थर्टी-थर्टी काडतुसाची."

"म्हणजे सुलोचीच."

गावात दुसरं कुणीही असंच म्हणालं असतं. सुलोची रायफल जुन्या पद्धतीची, खालची कडी ओढून भरायची. तिच्यात काडतुसं बंदुकीच्या नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक झोपतात. टोकदार गोळी असली तर मागच्याचं नाक पुढच्याच्या बुडाला टोचून नळीतच स्फोट व्हायचा. म्हणून गोळी चपट्या नाकाची. ओन्नीच्या कॅम्पवर तसली रायफल एकट्या सुलोकडेच होती. बाकीच्यांकडे जास्त ताकदीच्या थर्टी-ओ-सिक्स रायफली, टोकदार गोळीच्या.

लेम्पीनं गोळी दिव्याखाली धरली. बोटानं तिचं नाक चाचपलं. मग पुन्हा चाचपलं.

"लिंडक्विस्ट," ती म्हणाली, "ही उमललेलीच नाही."

२

"उमललेली नाही म्हणजे?"

"हरणाची गोळी मऊ नाकाची असते. अंगात शिरली की नाक पसरतं, अळंबीसारखं होतं. ही बघ, कालच डब्यातून काढल्यासारखी. सुलो कुठून झाडत होता?"

"ऐंशी पावलांवरून. स्वतःच दाखवली त्यानं जागा."

"ऐंशी पावलांवर थर्टी-थर्टी उमलल्याशिवाय राहत नाही."

शेरीफनं खांदे उडवले. "एखादी नसेल उमलली. राजधानीतल्या प्रयोगशाळेत पाठवतोय, पण उत्तर यायला नाताळ उजाडेल. आणि सुलो तर सोमवारी न्यायाधीशापुढे कबुली देणार आहे. वकीलही नको म्हणतो." त्यानं गोळी परत डबीत ठेवली. "त्याच्या घरात एक चक्कर टाका. त्याची रायफल मी आणलीय. पण मरायला माणसाला रायफलच लागते असं नाही."

लेम्पीनं दुकानाला कुलूप लावलं.

सुलो स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता. दाढी वाढलेली, चूल थंड. शेजारणीनं आणून ठेवलेला वेलदोड्याचा पाव फडक्यात तसाच पडला होता. लेम्पीनं चूल पेटवली, कॉफी टाकली.

"तू कशाला आलीस?" सुलो म्हणाला. "तुझ्याकडे मला बघवत नाही."

"नको बघू. बोल फक्त. किती वेळा झाडलीस?"

"दोनदा. पहिली हरणाला लागली, नर खाली बसला, पुन्हा उठला. मग घाईनं दुसरी झाडली. त्याच दिशेला ओन्नी होता."

"दोन्हींच्या मध्ये किती वेळ?"

"श्वास घ्यायला लागतो तेवढा. मग मी नराच्या रक्तामागं दलदलीत उतरलो. तो खूप पुढं जाऊन पडला होता. त्याला ओढत परत येत होतो, तर वाटेत..." त्यानं तोंड फिरवलं.

"त्यानंतर कुठे बार ऐकलास?"

"पहिला दिवस आहे गं बाई. सगळं जंगल वाजत असतं. कोण मोजतंय?"

लेम्पीनं कप त्याच्यापुढे सरकवला. "ओन्नीच्या अंगावर काय काय होतं? सगळं सांग."

"तोच तपकिरी लोकरी कोट. पाठीला पिशवी. रायफल खांद्याला, रिकामी केलेली. बसायची उशी पिशवीवर बांधलेली."

"थर्मास?"

"पिशवीत. तो मोरीजवळ ठेवलाय. अजून भरलेला आहे, मला ओतवत नाही."

लेम्पी उठली. थर्मासचं झाकण घट्ट फिरवलेलं होतं, वरचा कपही जागच्या जागी. आपल्या भावाची शिकारीची रीत तिला पाठ होती. उजाडताच तो कप भरून मांडीशी ठेवायचा आणि तासभर पुरवायचा. मित्राचा बार ऐकला की उरलेली कॉफी परत थर्मासात ओतायची, झाकण लावायचं, उशी बांधायची, रायफल रिकामी करायची आणि हरीण ओढायला निघायचं. त्याला हे सगळं करायला पाच मिनिटं लागत. तो काही घाई करणारा माणूस नव्हता.

"सुलो," ती म्हणाली, "एका श्वासात कुणी उशी बांधतं का?"

सुलोनं मान वर केली. क्षणभर त्याच्या डोळ्यात काहीतरी हललं आणि विझलं.

"मला दया नकोय, लेम्पी. माझी गोळी होती. जा तू."

३

कॅम्पवर ट्रेव्हॅरो एकटाच होता. कधीकाळी खाणीत मुकादम, आता नुसताच सर्दीचा रोगी. पहिल्या दिवशी सकाळी तो ताप अंगावर घेऊन कॅम्पमध्येच पडला होता, असं त्याचं म्हणणं. कॅम्पच्या जमिनीवरून त्याचं आणि ओन्नीचं दोन वर्षं बिनसलं होतं, हे गावभर माहीत होतं.

"ये लेम्पी. पेस्टी खातेस? तुम्ही फिनिश माणसं! घराला आग लागली तरी आधी कॉफी प्याल आणि मग ओरडाल. रडलीस की नाही अजून?"

"नाही."

"बरं." पेस्टीचा, मांस-बटाटा भरलेल्या त्या मोठ्या करंजीचा, तुकडा मोडून त्यानं तिच्यापुढे ठेवला आणि खाल्लाच पाहिजे अशा नजरेनं बघत राहिला. तिनं खाल्ला. चव लागली नाही.

"सुलोचा नर तू सोलला होतास ना? आतली गोळी?"

"ठेवलीय की. दरवर्षी ठेवतो." त्यानं फळीवरचा डबा काढून उपडा केला. सगळ्यात ताजी गोळी त्यानं बोटानं बाजूला केली. ती पुरती उमलली होती. चारी बाजूंनी पाकळ्या मागे वळलेल्या, आत शिसं लुकलुकत होतं. "पलीकडच्या कातड्याखाली सापडली. ओन्नीनंच घरी भरलेलं काडतूस. सुलोला तो विकतची वापरू द्यायचा नाही."

म्हणजे एकाच माणसाची रायफल, एकाच हाताची काडतुसं. एक उमलली आणि एक कोरी राहिली. फरक फक्त वेगाचा असू शकत होता. ओन्नीला लागलेली गोळी नळीतून निघतानाच मंद होती.

"तुझी काडतुसं दाखव," लेम्पी म्हणाली.

ट्रेव्हॅरोनं भुवया चढवल्या. पण पेटी आणली. तिच्याच दुकानातली, टोकदार गोळीची. वीसपैकी सात गेलेली. "ऑक्टोबरात खाणीच्या खड्ड्यात निशाण लावून बघितली. तूच तर होतीस काउंटरवर. म्हणालीस, खांद्याला बंदुकीचा दणका सोसत नसेल तर लहान घे. मी म्हणालो, बायकोचा दणका तीस वर्षं सोसला, हा काय मोठा."

"त्या सकाळी तू काय ऐकलंस?"

"सुलोचे दोन. कडाक् कडाक्, लागोपाठ. मी म्हटलं, झालं, आता ओन्नी निघेल ओढायला. मी चहा टाकला, तो उतू गेला, चूल पुसली. आणि मग तिसरा."

"कसा होता?"

"तोच तर म्हणतो मी. कडाक् नव्हता. दबका. अंगणात कुणी सतरंजी झटकावी ना, तसा. मला वाटलं, सुलोनं जवळ जाऊन नराला संपवलं."

"शेरीफला सांगितलंस?"

"त्यानं विचारलंच नाही. सुलो म्हणतोय मी मारलं, त्यावर मी काय चुलीची गोष्ट सांगू?"

लेम्पी कोट चढवू लागली. बार ह्यानं काढला असता, तर सांगताना तो दोनांवरच थांबला असता. तिसरा बार सांगणाऱ्या माणसाला तिसऱ्या बाराची भीती नव्हती.

"लेम्पी," ट्रेव्हॅरो दाराशी येऊन म्हणाला, आता त्याच्या आवाजात थट्टा नव्हती, "तिकडे त्या वेळी चौथा माणूस एकच होता. तुझ्या लक्षात आलंय ना?"

४

तो चौथा माणूस म्हणजे मेल्विन, ओन्नीचा एकुलता एक मुलगा, वय वर्षं एकतीस. मार्चमध्ये खाणीत माल वाहणाऱ्या पट्ट्याखाली सापडून त्याचा उजवा खांदा फुटला. दोन शस्त्रक्रिया झाल्या. तेव्हापासून तो बापाच्याच घरी राहत होता.

लेम्पी गेली तेव्हा तो अंत्यविधीसाठी चर्चमधून आणलेल्या खुर्च्या डाव्या हातानं एकेक करून आत नेत होता.

"आत्या, तू कशाला एवढ्या थंडीत? मी येणारच होतो."

"तुझी काडतुसं बघायची आहेत."

त्यानं खुंटीवरच्या कोटाच्या खिशातून पेटी काढून दिली. दुकानातलीच, थर्टी-ओ-सिक्स, टोकदार, जड. लेम्पीनं झाकण उघडलं. वीसच्या वीस जागच्या जागी चकाकत होती.

"मी त्या दिवशी झाडलीच नाही," मेल्विन म्हणाला. "बघ की. भरलेली आहे."

"हो. भरलेली आहे."

ती पेटी हातात घेऊन खुर्चीवर बसली. मेल्विन उभाच राहिला.

"बाळा, ह्या पेटीनं निशाण कधी लावलंस?"

मेल्विननं एक खुर्ची उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

"काडतूस बदललं की गोळी वेगळीकडे जाते. नवी पेटी घेतली की चार-पाच तरी झाडून बघायचीच, हे मी लहान पोरांनासुद्धा सांगते. तुझ्या बापानं निशाण लावल्याशिवाय कुणाला जंगलात पाऊल टाकू दिलं नसतं. आणि ह्यातलं एकही झाडलेलं नाही." तिनं झाकण लावलं. "मग ओन्नीनं तुझ्या रायफलीचं निशाण कशानं लावून दिलं?"

"आत्या..."

"कॉफीची किटलीसुद्धा डाव्या हातानं उचलतोस तू. ह्या काडतुसाचा दणका तुझा खांदा एकदाही सोसायचा नाही. ही पेटी चारचौघांत दाखवायला आहे, झाडायला नाही."

मेल्विन खुर्च्यांकडे बघत होता. लेम्पी उठली आणि तळघराच्या जिन्यानं खाली उतरली. तो तिच्या मागे आला नाही.

५

ओन्नीचं टेबल जसंच्या तसं होतं. काडतुसं भरायचं यंत्र, बंदुकीच्या दारूचा डबा, दारू तोलायचा छोटा तराजू. लेम्पीनं तराजूच्या दांडीवर वाकून बघितलं. वजन सरकवून ठेवलं होतं ते नेहमीच्या निम्म्याच्याही खूप अलीकडे. एवढ्याशा दारूनं थर्टी-ओ-सिक्स जेमतेम खोकेल. दबका बार होईल. सतरंजी झटकल्यासारखा.

शेजारी चपट्या गोळ्यांचा खोका होता. सप्टेंबरात तिनंच दिलेला. सुलोसाठी, असं म्हणाला होता ओन्नी. दोन्ही रायफलींच्या गोळीची जाडी एकच. सुलोची गोळी थर्टी-ओ-सिक्सच्या पुंगळीत बसवायला काहीच अडचण नव्हती. फक्त एवढ्या मंद वेगात ती उमलणार नव्हती.

आणि मग तिला त्या दिवसाचं काउंटर आठवलं. ओन्नी खोका उचलताना सहज म्हणाला होता, "लेम्पी, खांद्याला दणका बसू नये म्हणून दारू कमी केली, तर गोळी कोणती घ्यावी गं?" ती पावती फाडता फाडता म्हणाली होती, "चपटी घे. मंद चालते ती. जवळच्या हरणाला पुरेल." कुणासाठी, हे तिनं विचारलं नव्हतं. दुसरं गिऱ्हाईक उभं होतं.

यंत्रामागे एक जुनी तंबाखूची डबी होती. वर ओन्नीच्या अक्षरात चिकटपट्टी: "मेल्विन. खांद्यासाठी." आत चपट्या नाकाची लांब काडतुसं उभी होती.

तिनं डबी वर आणली आणि टेबलावर ठेवली.

मेल्विन भिंतीला टेकून खाली बसला होता. त्याचा आवाज सपाट होता, दुसऱ्याचं काही वाचून दाखवावं तसा.

"थंडीनं खांदा ठणकत होता. म्हणून जागा सोडून फिरलो. सुलोकाकाचे बार ऐकले. वाटलं, जखमी नर इकडंच येणार. झुडपात तपकिरी काहीतरी हललं. मी शिंगं बघितली, आत्या. शपथेवर सांगतो, मला शिंगं दिसली. फांद्या होत्या."

"नंतर?"

"धावत गेलो. बाबा जिवंत होते. मी मदत आणायला निघालो तर हात धरला. म्हणाले, बस इथं. बसलो. त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. मग म्हणाले..." त्यानं उजवा खांदा दाबून धरला. "म्हणाले, तू आता तुझ्या जागेवर जा. कुणाला काही सांगू नकोस. कुणाचीतरी गोळी होती, एवढंच. जंगल माणसांनी भरलंय."

लेम्पीनं ते शब्द ओळखले. तो ओन्नीच होता. असाच बोलायचा तो, पोराचा सगळा दोष उचलून बाजूला ठेवून द्यायचा.

"मी गेलो. ते संपल्यावर गेलो, आधी नाही. बर्फ पडत होता, पावलं बुजली. आणि मग सुलोकाका त्यांना घेऊन आले आणि म्हणाले, मी मारलं. मी तोंड उघडलं, आत्या. पण त्यातून काही बाहेर आलं नाही. दुसऱ्या दिवशी वाटलं, आता सांगू. तिसऱ्या दिवशी वाटलं, आता कसं सांगू."

"तुझ्या बापाला ठाऊक नव्हतं की सुलो स्वतःवर घेईल."

"नव्हतं."

"तुला होतं."

मेल्विन भिंतीला धरून उठला. लेम्पीनं त्याचा कोट खुंटीवरून काढला आणि उजवी बाही आधी चढवून दिली, खांदा दुखू नये म्हणून.

"चल," ती म्हणाली.

"शेरीफकडे?"

"त्याच्याकडे नंतर. आधी सुलोकडे."

६

सुलो तसाच टेबलाशी होता. मेल्विन आत येऊन उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, न थांबता. तपकिरी कोट, दबका बार, चपटी गोळी, बापाचे शब्द, आपलं गप्प राहणं. सुलो टेबलाच्या लाकडावर एका जागी नखानं घासत होता.

मेल्विनचं सांगून संपलं. चुलीतलं लाकूड फुटलं.

लेम्पीला वाटलं, आता हा उठून त्याला मारेल. मारावं, असंही तिला वाटलं.

"तू तिथं होतास?" सुलो म्हणाला. "शेवटपर्यंत?"

"हो."

"त्याचं डोकं तुझ्या मांडीवर होतं."

"हो, काका."

"किती वेळ?"

"माहीत नाही. हात थंड होईपर्यंत."

सुलोनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आधी खांदे हलले आणि मग आवाज फुटला, एवढ्या मोठ्या माणसातून येईल असं वाटणार नाही तसला बारीक आवाज. "मला वाटत होतं, एकटाच पडला होता," तो म्हणत होता. "चार दिवस मला तेवढंच दिसतंय. मी दलदलीत त्या जनावरामागं, आणि हा बर्फात एकटा. कुणी नाही त्याच्याजवळ. एकटा."

मेल्विन त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसला. सुलोनं त्याच्याकडे बघितलं नाही, पण त्याला दूरही ढकललं नाही.

लेम्पी खिडकीशी गेली. बाहेर ट्रकच्या टपावर बर्फ साठत होता. आपलं रडणं कुठे अडलंय ते तिला अजून कळत नव्हतं. एवढंच जाणवलं की गळा दुखतोय, आणि गेल्या चार दिवसांत अंगाचं काहीतरी दुखायची ही पहिलीच वेळ.

बऱ्याच वेळानं सुलो उठला. नळाखाली तोंड धुतलं, दाराजवळच्या खुंटीवरून टोपी घेतली.

"शेरीफकडे तुला कशाला यायचंय?" लेम्पी म्हणाली. "तू आता मोकळा आहेस."

सुलोनं टोपी कानांवर ओढली.

"ओन्नीचं पोर आहे," तो म्हणाला. "एकटं कसं पाठवू?"

आणि तो मेल्विनला उठायला हात देण्यासाठी वाकला. धरला तो त्याचा उजवा नव्हे, डावा हात.